निशीने नाही म्हटलं

“उघडू, पप्पा?” निशीने विचारलं.

साडेपाच वाजून गेले होते. डिसेंबरातली पहाट, बाहेर अजून काळोख, आणि आम्ही चौघं गोठणकर मॅडमच्या पडवीत त्यांच्या लॅपटॉपभोवती बसलो होतो. गावात इंटरनेट धड चालायचं ते फक्त त्यांच्याकडे. अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. तिथे सातला निकाल लागणार म्हणून माझी बायको संजीवनी कोंबडा आरवायच्या आधी उठली होती. चांगली साडी नेसून, केसांत अबोली माळून अशी बसली होती, जशी काही मुलीला बघायला माणसं येणार आहेत.

“उघड,” मी म्हटलं.

निशीने बोट टेकवलं. पडद्यावर पत्र आलं. मॅडमनी चष्मा वर सरकवून ते वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं. संजीवनीला धीर निघेना.

“काय झालं, मॅडम? पास की नापास?”

“दोन्ही नाही. डिफर्ड लिहिलंय. म्हणजे निर्णय पुढे ढकललाय. आता बाकीच्या मुलांबरोबर मार्चमध्ये पुन्हा बघतील.”

“म्हणजे अजून तीन महिने टांगून ठेवणार?”

“तसंच समजा.”

मी निशीकडे पाहिलं. वाटलं, पोर आता रडणार. सतरा वर्षांची ती, दीड वर्ष त्या अर्जापायी राबली होती. पण तिने एक लांब श्वास सोडला, लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाली, “मॅडम, चहा मी करते.”

या गोष्टीला आता अकरा वर्षं होतील. मी तेव्हा वीज कंपनीत वायरमन होतो. राजापूर तालुक्यातली सात गावं माझ्याकडे. निशीचं खरं नाव निशिगंधा, एकुलती एक. गोठणकर मॅडम पुण्याच्या कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवून गावी परतलेल्या. त्यांचा एक विद्यार्थी अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात शिकून आला होता. ते कॉलेज हुशार पोरांना घरची ऐपत बघून मदत देतं, हे त्यांना त्याच्याकडून कळलेलं. त्यांनी निशीला हेरलं आणि आमच्या घरी येऊन मला म्हणाल्या, “भालचंद्र, ही मुलगी इथे अडकवू नका.”

अर्ज लवकरचा होता. आधी करायचा, आधी निकाल, पण घेतलं तर दुसरीकडे कुठेही जायचं नाही, असं लिहून द्यायचं. खाली निशीची सही, माझी सही, तिच्या इथल्या कॉलेजच्या प्राचार्यांची सही. त्याच्याबरोबर पैशांचा वेगळा फॉर्म. घर कोणाचं, पगार किती, सोनं किती, जमीन किती, आणि शेवटी प्रश्न: तुम्ही स्वतः वर्षाला किती देऊ शकाल?

त्या प्रश्नाने मला चार रात्री झोप लागली नाही. मग मला सड्यावरची, वरच्या उघड्या कातळपठारावरची जमीन आठवली. आजोबांच्या वाट्याची तीन एकर, नुसता जांभा कातळ. तिथे ना आंबा लागतो ना काजू. पावसात हातभर गवत येतं, दिवाळीनंतर वाळून जातं. पण खाली बांधकामाचा चिरा उत्तम. चिरेखाणीवाले आंबेरकरशेठ वर्षभर मागे लागले होते. ती विकली तर चार वर्षांचे मिळून चोवीस लाख उभे राहणार होते. मी फॉर्मवर वर्षाला सहा लाख असा आकडा घातला. निशी शेजारी बसून लिहीत होती. तिचा पेन त्या ओळीवर जरा थांबला, पण ती काही बोलली नाही.

निकालानंतर मॅडमनी समजावलं, “मार्चच्या आत त्यांना एक पत्र पाठवता येतं. ऑक्टोबरपासून नवीन काय केलं, घरात काही बदललं का, ते कळवायचं. आणि एक ध्यानात घ्या. परदेशी मुलांच्या बाबतीत ही माणसं पैशाकडेही बघतात. तुमचा वाटा पक्का आहे असं दिसलं, तर पारडं जड होईल.”

मी त्याच संध्याकाळी आंबेरकरशेठकडे गेलो. शेठ खाणीवरच होते, अंगावर लाल धुरळा.

“आलास शेवटी,” ते हसले. “पोरीसाठी ना? चांगलं करतोयस, भालू. शनिवारी विसाराचे पैसे घेऊन जा. सोमवारी मशीन लावून दोन चिरे काढून बघतो, मग कागद करू.”

घरी येऊन मी सांगितलं. संजीवनीने देवापुढे साखर ठेवली. निशी ताटावरून उठली, हात धुतला आणि पाठमोरी उभी राहून म्हणाली, “पप्पा, उद्या सकाळी ड्युटीवर जायच्या आधी माझ्याबरोबर सड्यावर याल?”

“कशाला गो?”

“या तर.”

सकाळी ती खराटा आणि पाण्याचा कॅन घेऊन पुढे चालली. मी मोटरसायकल खालीच लावली, खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच होती. वर पोहोचलो तेव्हा ऊन नुकतं तिरपं पडत होतं. पिवळं गवत, काळा कातळ आणि लांब खाली समुद्राची निळी पट्टी. मधोमध आमच्याच लाइनचा खांब. त्या खांबावर मी किमान वीस वेळा चढलो असेन.

खांबापासून तीस-चाळीस पावलांवर निशी थांबली. तिथे वाळलं गवत आणि माती नीट पसरलेली दिसली. वाऱ्याने पसरते तशी नव्हे, माणसाने पसरावी तशी. ती वाकली आणि झाडायला लागली. मी विचारलं तर बोलेना. दहा मिनिटं झाडत होती. मग तिने कॅनमधलं पाणी ओतलं.

पाणी कातळावर पसरलं नाही. ते एका रेघेत शिरलं आणि पुढे धावलं. बोटभर खोल रेघ, वळण घेत गेलेली. तिच्यावर ऊन पडलं तशी ती चांदीच्या तारेसारखी चमकली. निशी पुढे पुढे झाडत होती, रेघ पुढे पुढे जात होती. एक पाय दिसला. माझ्या कमरेएवढा जाड. मग दुसरा. मग पोटाची कमान, जिच्यात मी आडवा झोपलो असतो तरी जागा उरली असती.

“हे काय आहे, निशी?”

“इथून नाही कळायचं. खूप मोठं आहे. मीही तुकड्यातुकड्यानेच बघितलंय.”

तिचं डोक्यापर्यंत झाडून होईतो मी थांबलो, मग खांबाकडे पाहिलं. पिशवीतला पट्टा कमरेला लावला आणि चढलो. तारांच्या बराच खाली थांबलो, पट्टा खांबाला अडकवला आणि मान वळवून खाली बघितलं.

खाली एक गेंडा उभा होता.

जाड मान, खाली झुकलेलं डोकं, नाकावर एकच शिंग. डोळ्याच्या जागी एक वाटीएवढा खळगा. रेघ कुठे अडखळलेली नाही, पुसून पुन्हा काढलेली नाही. एखाद्याने पेन न उचलता काढावी तशी, शेपटीपासून शिंगापर्यंत. आणि त्याच्या पाठीजवळ माझी मुलगी खराटा धरून उभी, बोटाएवढी दिसत होती. मी पट्ट्याची कडी पुन्हा एकदा चाचपली.

“काय दिसतंय, पप्पा?” ती खालून ओरडली.

“डुक्कर असेल!” मी ओरडलो, कारण जे दिसत होतं ते तोंडातून निघेना.

“नाकावर शिंग असलेलं?”

मी खाली उतरलो आणि तिच्याजवळ कातळावर बसलो. “आपल्याकडे गेंडा कुठून आला?”

“ज्याने काढला त्याने बघितला असणार ना. त्याशिवाय असा जमेल?” ती म्हणाली. “म्हणजे तेव्हा इथे गेंडे असतील, पप्पा. जंगल असेल. पाणथळ असेल. किती हजार वर्षं झाली कोणास ठाऊक. लोखंड तरी असेल का त्यांच्याकडे?”

मी रेघेत बोट घातलं. आतून ती गुळगुळीत होती. चिऱ्यावर लोखंडी टिकाव मारला तरी मनगटाला झिणझिण्या येतात. इथे कोणीतरी दगडाने दगड झिजवला होता, महिनेच्या महिने.

“तुला कधी सापडला?”

“ऑक्टोबरात. फॉर्मसाठी जमिनीचे फोटो काढायला तुम्ही पाठवलंत ना, तेव्हा. आदल्या रात्री पावसाची सर आली होती. रेघांमध्ये पाणी साठून चमकत होतं. मग दर रविवारी येत गेले. थोडं थोडं साफ करायचे आणि परत माती लोटायचे.”

“मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून सांगायचीस.”

ती खाली मान घालून हसली. मला राग यायला हवा होता, तो आला नाही.

“अगं पण मग अर्जात का नाही लिहिलंस? मॅडमना तरी सांगायचंस. असलं कोणाच्या अर्जात असणार आहे?”

“लिहिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही जमीन विकली नसती. तुम्ही चार रात्री येरझाऱ्या घातल्या होत्या, पप्पा. मी ऐकत होते.” तिने खराट्याचा एक हीर तोडला आणि बोटाभोवती गुंडाळायला लागली. “मी ठरवलं, गप्प बसायचं. गेंड्याचं काय, तो कोणाला ठाऊक आहे? मशीन लागेल, चिरे निघतील, कोणाच्या तरी घराच्या भिंतीत जाईल. मला शिकायला मिळेल. दोन महिने मी स्वतःला हेच सांगत होते. आणि काल डिफर्ड वाचलं, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तेव्हा कळलं मला, मी काय करत होते ते.”

मी तिच्या हातातला खराटा घेतला आणि उरलेली माती झाडायला लागलो. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ड्युटीवर उशिरा पोहोचलो.

संजीवनीला दुपारी वर नेलं. ती बराच वेळ कडेकडेने चालत राहिली, रेघेवर पाय पडू नये म्हणून साडी वर धरून. मग तोंडाजवळ जाऊन बसली आणि त्या डोळ्याच्या खळग्यातली माती पदराने पुसली.

“शेठना फोन करा,” ती म्हणाली. “शनिवारी येत नाही म्हणून सांगा.”

“आणि निशीचं?”

“ते मला काय विचारता? मला एवढंच कळतं, याच्या अंगावर मशीन लावायचं पाप माझ्याच्याने बघवणार नाही.”

निशीने पत्र लिहिलं. पहिल्याच परिच्छेदात सरळ: आमचा वाटा आता वर्षाला दीड लाख असेल, जमीन विकणार नाही. का ते चार ओळींत. मॅडमनी कपाळाला हात लावला. “निशी, निदान फोटो जोड. पप्पांनी खांबावरून काढलाय तो जोड. ते बघतील तरी.”

“फोटो मी पुरातत्त्व खात्याला पाठवलाय, मॅडम. कॉलेजला नाही पाठवणार. तो काय माझं सर्टिफिकेट आहे?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर बघत राहिलो.

मार्च अखेरच्या पहाटे आम्ही पुन्हा त्याच पडवीत बसलो. या वेळी संजीवनीने घरचाच गाऊन घातला होता. निशीने पत्र उघडलं आणि मॅडम एकदम किंचाळल्या, “घेतलं! घेतलं तिला!” संजीवनी रडायला लागली. मी निशीच्या डोक्यावर हात ठेवला, तिचं डोकं गरम लागलं.

मग दुसरं पान उघडलं. पैशांचं. मदत मोठी होती, खोटं कशाला बोलू. एवढी मोठी रक्कम मी कधी कागदावरही पाहिली नव्हती. पण आमचा वाटा त्यांनी सहा लाखच धरला होता. मॅडमनी वाचून दाखवलं: जमीन विकायची की नाही हा कुटुंबाचा निर्णय आहे, पण ती मालमत्ता आहे, आणि तिची किंमत आम्हाला हिशेबात धरावीच लागते. कळवायला एक मेपर्यंत मुदत होती.

मॅडमनी आणि निशीने मिळून फेरविचाराचं पत्र लिहिलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य उत्तर. या वर्षी याहून जास्त शक्य नाही.

ही बातमी कशी कोणास ठाऊक, आंबेरकरशेठपर्यंत गेली. ते स्वतः घरी आले, येताना कलिंगड घेऊन. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायला हवं.

“भालू, मी वर जाऊन बघून आलो,” ते म्हणाले. “वीस वर्षं चिरे काढतोय, असं काही बघितलं नाही. त्याला हात लावणार नाही मी. दहा गुंठे सोड त्याच्यासाठी. कुंपणही मीच घालून देतो. बाकीची जमीन दे. भाव तोच. पोरीचं सोनं होईल.”

त्या रात्री पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. मला वाटलं, सुटलं. गेंडा राहतोय, पोर जातेय, आणखी काय हवं? संजीवनीलाही पटलं. सकाळी मी निशीला सांगितलं. ती ओट्यावर बसून केस विंचरत होती.

“शेठ चांगलं बोलले,” ती म्हणाली. “पण बाकीच्या जमिनीत काय आहे ते आपल्याला माहीत आहे का?”

“गवत आहे! दुसरं काय असणार?”

“गेंड्यावरही गवतच होतं.”

“निशी,” माझा आवाज चढला, “नसलेल्या गोष्टीसाठी आयुष्याची संधी घालवायची? सगळ्या सड्यावर कोणी चित्रं काढत बसलं असेल का? तूच सांग, सापडलंय दुसरं काही?”

“नाही. मी शोधलंच नाही.” तिने कंगवा खाली ठेवला. “पप्पा, मला जायचंय. तुम्हाला वाटत असेल मला जायचं नाही, तसं नाही. मला त्या कॉलेजातल्या वाचनालयाच्या खिडक्या किती आहेत तेसुद्धा पाठ आहे. पण न बघता विकलं, तर तिथे बसून मी रोज विचार करीन की त्या बाकीच्यात काय होतं. मग शिकू कधी?”

संजीवनी दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो, तिच्याशी वाद घालू नका. तिचं ठरलंय.”

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निशीने मॅडमच्या पडवीत बसून उत्तर लिहिलं. तीन ओळींचं. मला मराठीत वाचून दाखवलं: तुम्ही मला जागा दिलीत याचा मला अभिमान वाटतो. मी येऊ शकत नाही. माझी जागा ज्याला मिळेल त्याला माझ्या शुभेच्छा. मॅडम आतल्या खोलीत निघून गेल्या होत्या, त्यांना बघवेना. निशीने एकदा सगळं नीट वाचलं, एक चूक दुरुस्त केली आणि पाठवून दिलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. सतरा वर्षांत जिला सायकल शिकवली, पाढे पाठ करून घेतले, तापात उशाशी बसलो, ती ही नव्हेच असं मला वाटलं. ही कोणीतरी मोठी बाई होती, आणि ती आमच्या घरी जन्माला आली होती.

पुढे ती पुण्याला शिकली. पुरातत्त्वच घेतलं. शिष्यवृत्त्या मिळत गेल्या. गेली चार वर्षं ती कोकणातले सडे पायी फिरून नोंदी करते. तिच्याबरोबरची मुलं तिला मॅडम म्हणतात, ते ऐकलं की मला गोठणकर मॅडम आठवतात. त्यांना हे बघायला मिळालं नाही.

पण मला सांगायचाय तो त्याच वर्षीचा मे महिना. निशीचं पत्र गेल्याला तीनच आठवडे झाले होते. पुरातत्त्व खात्यातले दोघे आणि पुण्याचे एक वयस्क सर आले. गेंडा बघून ते सर खाली वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी सांगितलं, सगळं झाडू या. गावातल्या दहा-बारा बायका खराटे घेऊन आल्या, संजीवनी त्यांच्या पुढे. आंबेरकरशेठनी खाणीवरचे चार गडी आणि पाण्याचा टँकर पाठवला.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही. मी निशीकडे बघणं टाळत होतो. तीनच्या सुमारास पश्चिमेच्या टोकाला एक बाई ओरडली. तिथे एक मासा निघाला, बैलगाडीएवढा, शेपटी लांब. त्याच्या पलीकडे हरणं, एकामागे एक, सात. दुसऱ्या दिवशी मोर. मग काहीतरी चौकोनी, आत नक्षी भरलेली, ज्याचा अर्थ त्या सरांनाही लागेना. झाडावं तिथे रेघ निघत होती. सड्यावर नुसता खराट्यांचा आवाज होता. मला आठवतं, शेठ आले, त्यांनी चपला बांधावर काढल्या आणि उन्हात तापलेल्या कातळावर अनवाणी फिरत राहिले. मशीन ते पश्चिमेच्या टोकाकडूनच लावणार होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संजीवनी एकटीच कडेला झाडत होती, जिथे सडा संपतो आणि खाली उतार लागतो. तिने आम्हाला हाक मारली नाही. नुसती उभी राहिली. आम्ही आपणहून गेलो.

तिथे दोन पाय होते. माणसाचे. कमरेपासून खाली, जोडून उभे, बोटं स्पष्ट कोरलेली. वर धड नाही, हात नाहीत, डोकं नाही. ज्याने कोरले त्याने तेवढंच कोरलं होतं. बोटं समुद्राकडे होती.

सरांनी वही मिटली. खाली सूर्य पाण्याला टेकत होता.

निशी पुढे झाली. मला वाटलं, ती त्या पायांवर पाय ठेवून बघणार, आपण कोणीही असतो तर तेच केलं असतं. तिने ठेवले नाहीत. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, पाय जुळवून, त्याच दिशेला तोंड करून, आणि त्याने जे बघितलं असेल ते बघत राहिली.